पाहुण्याच्या गाडीची हवा

पिंजारी गल्ली, दिग्रस
५ एप्रिल २०२५

अमर भाऊ,
सलाम.

ईदले तू आला नाईस. शीरखुर्मा आमच्या पोरानं, फिरोजनं, दुसऱ्याच दिवशी संपवला, म्हणून त्याची आशा सोड. फोन केला तं तू "कोण? कोण?" करत राहतोस, आन तुह्या बहिऱ्या कानासाठी मी ओरडलो की साऱ्या गल्लीले वाटते माह्या घरात भांडण लागलं. त्यापेक्षा पत्र बरं. तुहा चुलतभाऊ धरमसिंग महागावच्या एसटीवर कंडक्टर हाये तोवर आपल्याले पोस्टाची गरज नाई.

खबर मोठी हाये, बसून वाच. मी सचिव झालो. "पिंजारी गल्ली रहिवासी वाहनतळ समिती"चा सचिव.

तुले आमची गल्ली माहीत हाये. बारा फूट रुंद, त्यातले तीन फूट ओट्यायनं खाल्ले. सत्तावीस घरं, एकेचाळीस गाड्या. दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकानं मागं जावं लागते, आन मागं जाणारा माणूस या गल्लीत अजून जन्मले यायचा हाये. मागच्या महिन्यात एका हँडलवरून दोन घरांत मारामारी झाली. तवा अफरोज सेठनं सगळ्यायले आपल्या ओट्यावर बोलावलं. सेठ अध्यक्ष झाले, कारण ओटा त्यायचा. सचिव म्हणून ज्याच्या दारात गाडीच नाई असा निःपक्ष माणूस पाहिजे होता. असा मी एकटाच निघालो. फिरोजची मोटारसायकल त्याच्या गॅरेजवरच राहते. चाळीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो, कोणी साधं "साहेब" म्हटलं नाई. आता दूधवाला विचारते, "सचिव साहेब, सायकल कुठं टेकवू?"

नियम मीच लिहिले. एका घराले एक गाडी, ती बी घरच्याच माणसाच्या नावावर. तिले पिवळं स्टिकर. पाहुण्याच्या गाडीले अर्धा तास. त्याच्यावर एक मिनिट झालं तं एका चाकाचा वाल काढून हवा सोडायची आन वाल जप्त करायचा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चाकाचा. मालकानं स्वतः कागद घेऊन आल्याशिवाय वाल परत नाई. हे शेवटचं माह्या डोक्यातलं. दंड घेतला की लोकं भांडतात, हवा सोडली की गाडी बी चूप आन मालक बी चूप.

तुह्या भाभीचं, बिस्मिल्लाबीचं, तसंच चालू हाये. मंगळवार आन शुक्रवार यवतमाळले डायलिसिस, सकाळी दहाचा नंबर. एसटीत तिले आता बसवत नाई, भाड्याची जीप कधी येते कधी येत नाई. डॉक्टर म्हणते एक बी वेळ चुकवू नका, फुप्फुसात पाणी भरन. तू म्हणालतास की पोरानं, लखननं, पिकअप घेतली, जुनी व्हॅन रिकामी उभी हाये, ती भाभीले देतो. देणार असशील तं माह्या नावावर करून दे, म्हणजे स्टिकर देता येईन. दोस्ती दोस्तीच्या जागी, नियम नियमाच्या जागी.

तुहा
रहमत (सचिव)

*

तांडा, ता. महागाव
८ एप्रिल २०२५

सचिव साहेब बहादूर यांच्या सेवेशी,
राम राम.

पत्र उभं राहून वाचलं. एवढ्या मोठ्या माणसाचं पत्र बसून वाचणं बरं दिसत नाई.

भिया, आमचे वाडवडील लदेणी न्यायचे. हजार-हजार बैलांवर मीठ आन धान्य लादून अर्धा मुलूख फिरायचे. मुक्काम कुठं पडन ते तांड्याचा नायक ठरवायचा आन हजार बैलं तिथं गप बसायची. एका बी बैलाले कोणी पिवळं स्टिकर लावलं नाई, आन कोण्या बैलाची कोणी हवा सोडली असं बी माह्या ऐकण्यात नाई. ऐकण्यात नाई म्हणजे तसं माह्या ऐकण्यात काहीच येत नाई म्हणा.

पण तू सचिव झाला याचा मले आनंद हाये. ज्याच्याकडं गाडी नाई तो गाड्यायचा साहेब. उद्या आमच्या तांड्यात पोहण्याची समिती निघाली तं मी अध्यक्ष होतो, आमच्या नाल्याले गुडघ्याएवढं बी पाणी नाई.

आता व्हॅनचं. ती माही कुठं हाये? बायायच्या बचत गटातून घेतली, कागद तुह्या वहिनीच्या, धनीबाईच्या नावानं. मी फक्त चालवली आन शिव्या खाल्ल्या. तिले तुही अट सांगितली. ती म्हणाली, "पाहू." तिच्या "पाहू"चा अर्थ मले चाळीस वर्षांत समजला नाई, तुले पत्रातून काय सांगू?

लखनचं लग्न १८ मेले हाये. जवळच्या माणसाले आमच्याकडं कार्ड धाडत नाईत, नवरा-बायको दोघंबी दारात जाऊन हळदीचे तांदूळ ठेवून सांगतात. पहिला मान तुह्या घराचा, असं धनीबाईनं ठरवलं. येत्या रविवारी, १३ तारखेले, व्हॅन घेऊन येतो. जाताना आम्ही एसटीनं जाऊ, व्हॅन भाभीसाठी तिथंच राहीन. कुठं उभी करायची ते पाहून ठेव. नाई तं घरचं झालं थोडं आन व्याह्यानं धाडलं घोडं, असं तुह्या समितीले वाटायचं.

तुहा
अमरसिंग (बिनहुद्द्याचा)

*

दिग्रस
१६ एप्रिल २०२५

अमर,

रागावलेल्या माणसाले सलाम कसा लिहावा ते समजून नाई राह्यलं. तरी सलाम.

रविवारी काय झालं ते मी क्रमानं लिहितो. तुमची व्हॅन अकरा वाजून पाच मिनिटांनी माह्या दारासमोर लागली. मी घड्याळ पाह्यलं होतं. साडेअकरा झाले तवा तू पोहे खात होतास. पावणेबारा झाले तवा तू तिसऱ्यांदा पोहे मागितले. वहिनी आन बिस्मिल्लाबी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, त्या तं संध्याकाळपर्यंत हालल्या नसत्या. समोरच्या ओट्यावर अफरोज सेठ एकदा व्हॅनकडं पाहे, एकदा माह्या दाराकडं. आदल्याच दिवशी मी गल्लीतल्या मास्तरच्या सासूच्या स्कुटीची हवा सोडलती. बिचारी साठ वर्षांची बाई उन्हात स्कुटी ढकलत गेली. आता माह्या दोस्ताची गाडी म्हणून डोळे झाकले असते तं मी गल्लीत तोंड कसं दाखवलं असतं?

म्हणून मी "पाणी आणतो" म्हणून उठलो. तुह्या मनात असंन की मी खोटं बोललो. तसं नाई. आधी वाल काढला, मग पाणी बी आणलं.

वहिनीनं एवढा राग करायले नको होता. तांदूळ ठेवले, पिशवी छातीशी धरली, व्हॅनची चावी बिस्मिल्लाबीच्या हातात देली आन म्हणाल्या, "या गल्लीत मी आता पाय ठेवणार नाई." आन तुम्ही दोघं भर उन्हात स्टँडपर्यंत पायी गेले. मी ऑटो बोलावणार होतो, पण पाहुण्याच्या ऑटोले बी अर्धाच तास हाये आन वहिनीचा राग त्याच्यात उतरला नसता.

तू मनात काही ठेवू नको. मामला साधा हाये. वाल सेठच्या कपाटात, समितीच्या डब्यात सही-सलामत हाये. वहिनीनं कागद घेऊन यावं, रजिस्टरवर सही करावी, वाल घ्यावा. पाच मिनिटांचं काम.

काल मंगळवार होता. जीप आत येऊ शकत नाई, कारण दारासमोर व्हॅन उभी हाये. म्हणून बिस्मिल्लाबीले लाकडी खुर्चीत बसवून मी आन फिरोजनं मेन रोडपर्यंत उचलून नेलं. लोकं म्हणाले, वा, सचिव असावा तं असा.

तुहा
रहमत (सचिव)

*

तांडा
१९ एप्रिल २०२५

सचिव साहेब,

तुमचा खुलासा मिळाला. तांड्यात मोठ्यानं वाचून दाखवला. "आधी वाल काढला, मग पाणी बी आणलं" या ओळीवर आमच्या मानीबाई काकी एवढ्या हसल्या की त्यायची कवळी पडली. त्यायचं वय ब्याऐंशी हाये, त्यायले हसवायचं पुण्य तुले लागलं.

आता तुले एक गोष्ट सांगतो, जी मी सांगणार नव्हतो. धनीबाईनं छातीशी धरलेल्या त्या पिशवीत काय होतं माहीत हाये का? व्हॅनचं आरसी बुक, विम्याचा कागद आन नाव बदलायचा फॉर्म. अंगठा मारलेला. तिचं "पाहू" म्हणजे हो होतं, हे मले बी शनिवारी समजलं, जवा ती महागावले जाऊन फॉर्म घेऊन आली. जेवण झाल्यावर भाभीच्या हातात द्यायचं म्हणत होती. तू अर्धा तास अजून कळ काढली असती ना भिया, तं ती गाडी तुह्या घरची झाली असती आन तुले उठायचं कामच पडलं नसतं. तू दोस्ताच्या गाडीची हवा नाई सोडली. आपल्याच गाडीची सोडली. आपलेच दात आन आपलेच ओठ.

ते कागद आता आमच्या ट्रंकेत हायेत आन ट्रंकेवर धनीबाई बसली हाये. मी काही बोललो की तिले ऐकू येत नाई. बहिरा मी, पण कान तिचे गेले.

आन तुहा नियम बी मले समजावून सांग. हवा काढली म्हणून गाडी हालत नाई, आन गाडी हालत नाई म्हणून रोज एका चाकाची हवा काढता. असं डोकं चालवणारा माणूस जिनिंगमध्ये फिटर होता, आन तरी ती जिनिंग चालली, हे मोठं नवल हाये.

रहमत, थट्टा सोड. वाल बाजारात वीस रुपयाले भेटते. बसवणं तुह्या डाव्या हाताचा मळ हाये. भाभीले खुर्चीवर काहून मिरवून राह्यला?

तुहा
अमरसिंग

*

दिग्रस
२३ एप्रिल २०२५

अमर,
सलाम.

पिशवीतले कागद वाचून मले दोन रोटी कमी गेल्या. पण झालं ते झालं. नियमात "पाहुण्याच्या पिशवीत काय हाये ते पाहावं" असं कलम नव्हतं.

वाल बसवणं डाव्या हाताचा मळ हाये हे मले माहीत नाई का? फिरोज तं पहिल्याच दिवशी पाना घेऊन बसला होता. मी त्याले कसम घातली. म्हटलं, ज्या दिवशी सचिवाच्या घरचा माणूस जप्त गाडीले हात लावन, त्या दिवशी मास्तरच्या सासूले मी काय तोंड दाखवू? तो तवापासून माह्याशी बोलत नाई. जेवायले बसला की भिंतीकडं पाहून जेवते.

चारही चाकं आता खाली हायेत. व्हॅन जमिनीवर बसली हाये. गाडी दहा दिवसांपासून उभी म्हणून सेठनं विचारणा केली, तवा मले नोटीस काढावी लागली. नक्कल तुह्या माहितीसाठी देतो:

"श्री. रहमत यांस कळविण्यात येते की, आपल्या दारासमोर एक विनास्टिकर वाहन उभे असून त्यामुळे रहदारीस अडथळा होत आहे. तरी याबाबत लेखी खुलासा सात दिवसांत सचिवांकडे सादर करावा. आपला, रहमत, सचिव."

मी खुलासा लिहिला. मग सचिव म्हणून वाचला. समाधानकारक वाटला नाई. परत पाठवला. हसू नको, सगळ्यायले एकच न्याय.

सेठचं सांगायचं राह्यलं. त्यायनं घर दोन भावायच्या नावानं कागदोपत्री वेगळं केलं, म्हणून त्यायले दुसरं स्टिकर मंजूर झालं. त्यायची ती जुनी, दोन वर्षांपासून कापडानं झाकलेली गाडी आता गल्लीच्या तोंडाशी ठेवली हाये. आतली व्हॅन तशी बी हालत नाई, तं तोंडाशी गाडी ठेवल्यानं कोणाचं अडते? असं सेठ म्हणाले. तर्काले धरून होतं, मी सही केली.

बिस्मिल्लाबी ठीक हाये. खुर्ची मजबूत हाये. काळजीचं कारण नाई. वहिनीचा राग उतरला की कळव.

तुहा
रहमत (सचिव)

*

दिग्रस
२६ एप्रिल २०२५

धनीबाई बहीण,

तुले बिस्मिल्लाबीचा सलाम. मी चवथी पास हाओ हे या घरात सगळे विसरले, म्हणून मी लिहून राह्यली हे कोणाले माहीत नाई. अक्षर वाकडं हाये, हात सुजला हाये म्हणून.

तू रुसली ते बरं केलं. मी बी रुसायचं ठरवलं होतं, पण माहेरी जायले निघाली तं दारात तुही गाडी आन गल्लीच्या तोंडाले सेठची गाडी. रुसून जायले बी वाट लागते बाई.

फिरोजच्या अब्बानं तुमच्या घरी काय लिहिलं असंन ते मले माहीत हाये. "ठीक हाये" लिहिलं असंन. मंगळवारी खुर्ची सेठच्या गाडीजवळून तिरपी करून काढताना त्यायचा पाय नालीत गेला. मी पडली. डोक्याले तीन टाके हायेत. मले उचलायच्या आधी त्यायनं मागं वळून पाह्यलं की सेठच्या गाडीले ओरखडा तं नाई पडला. नाई पडला. देवाची मेहरबानी.

काल शुक्रवार होता. मी गेली नाई. म्हटलं त्या खुर्चीवर आता मी बसत नाई. ते म्हणाले, धनीबाईचा राग उतरन, कागद येतीन, मग सगळं कायद्यानं होईन. मी म्हटलं, माह्या किडनीले तुमचा कायदा वाचून दाखवा, तिले पटलं तं पटलं. धनीबाई, काल रात्रीपासून मले आडवं होता येत नाई. आडवी झाली की पाण्यात बुडल्यासारखं वाटते. भिंतीले टेकून बसली हाओ. मले भेव वाटून राह्यलं. हे मी कोणाले सांगितलं नाई, तुले सांगते.

तू ये म्हणून लिहून नाई राह्यली. तुह्या पोराचं लग्न हाये, तुले हजार कामं. पण मंगळवारी मी यवतमाळले जाणार म्हणजे जाणार. कशी ते मनात ठरवलं हाये. लखनले दुवा सांग.

तुही
बिस्मिल्लाबी

*

तांडा
२८ एप्रिल २०२५

रहमत,

भाभीचं पत्र आलं. धनीबाईले वाचता येत नाई, मी वाचून दाखवलं. तीन टाक्यांपर्यंत आलो आन मले पुढचं अक्षर दिसेना.

"खुर्ची मजबूत हाये." असं लिहिलं तू. बायको नालीत पडली आन तू मले खुर्चीची तब्येत कळवली. अरे तुहं पत्र मी तांड्यात वाचून हसलो रे. माही मलेच लाज वाटली.

तीस वर्षं मी तुह्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या आणल्या. एकदा पट्ट्यात एका मजुराचा हात गेला होता, आठवते का? मॅनेजर म्हणे साहेब येईपर्यंत मशीन बंद करू नका, लेखी हुकूम पाहिजे. तू पाना मारून पट्टाच तोडला होता आन म्हणालतास, हुकूम मागाहून लिहून घ्या. तो माणूस माहा दोस्त होता. हा सचिव कोण हाये, मी त्याले ओळखत नाई.

धनीबाई उद्या येऊन राह्यली. पाय ठेवणार नाई म्हणाली होती ते तिनं गिळलं. सगळे कागद घेऊन, दुपारच्या एसटीनं. सकाळची गाडी आमच्या फाट्यावर थांबत नाई. तुह्या रजिस्टरवर ती अंगठा देईन, तुहा नियम जिंकन, तू खूश राहा. पण उद्या भाभीचा दहाचा नंबर चुकला ना रहमत, तं लखनच्या लग्नाले येऊ नको. हे मी थट्टेत नाई लिहिलं.

अमरसिंग

*

दिग्रस
३० एप्रिल २०२५

अमर,

तुहं पत्र काल पहाटे धरमसिंगनं दारात आणून देलं. वाचून मी काय केलं असंन, सांग. तू म्हणशील, फिटर जागा झाला. नाई झाला. खरं लिहायचं ठरवलं हाये तं खरं लिहितो. मले बरं वाटलं. म्हटलं, चला, दुपारी वहिनी कागद घेऊन येते, सही होईन, वाल भेटन, कोणाले बोलायले जागा राहणार नाई. एकच दिवस काढायचा.

मी आत गेलो तं बिस्मिल्लाबी जागेवर नाई. बाहेर पाह्यलं, व्हॅनमध्ये बसली होती. भिंत धरत-धरत एकटीच गेली होती. नवा दुपट्टा, मांडीवर दवाखान्याची फाईल, हातात चावी. चारही चाकं जमिनीवर आन ही आत बसलेली.

मी म्हटलं, "उतर. आजचा दिवस थांब. दुपारी धनीबाई येते, उद्या सगळं कायद्यानं करून जाऊ."

ती म्हणाली, "गाडी जप्त हाये ना? मग आतली बाई बी जप्त करा. लिहून घ्या रजिस्टरात."

गल्ली जमा झाली. सेठ ओट्यावर आले. मी अजून बी तिले समजावत होतो, अमर. तिले बोलताना एका वाक्यात तीन वेळा थांबावं लागे. ओठ निळे दिसत होते, आन मी तिले कलम चार सांगत होतो. मग ती बोलायचीच बंद झाली. तोंड उघडं ठेवून नुसती श्वास ओढत होती. जिनिंगचा पंखा अडकला की जसा आवाज येते, तसा आवाज येत होता. तो आवाज मी चाळीस वर्षं ऐकला हाये, त्याच्यानंतर काय होते ते मले माहीत हाये.

मी फिरोजले हाक मारली. तो माह्या मागंच उभा होता. म्हटलं, "कसम मागं घेतली." त्यानं खिशातून चार नवे वाल काढले. म्हणाला, "तेरा तारखेपासून खिशात हायेत, अब्बा."

चार वाल मी बसवले, हवा त्यानं भरली. घाईत पहिला वाल दोनदा मातीत पडला. सेठ म्हणाले, "सचिव साहेब, रजिस्टर?" मी म्हटलं, "सेठ, तुम्हीच लिहा काय लिहायचं ते. माहे हात काळे हायेत."

वीस मिनिटांत व्हॅन उठली. पण तोंडाशी त्यायची झाकलेली गाडी. सेठ म्हणे चावी सापडत नाई, आन सापडली तरी बॅटरी मेलेली हाये. तवा मास्तर पुढं आला. ज्याच्या सासूची मी हवा सोडली तो मास्तर. बाह्या सरसावल्या आन मागच्या बंपरले हात लावला. मग दूधवाला, मग समोरच्या घरातले तिघं, मग मी आन फिरोज. आधी मागून उचलली, मग पुढून, अशी वीतभर-वीतभर सरकवत नालीच्या काठाले नेऊन ठेवली. कापड बी निघालं नाई. दोन वर्षांत ती गाडी तेवढीच चालली असंन.

फिरोजनं व्हॅन यवतमाळले पळवली, दहाचा नंबर साडेदहाले लागला. डॉक्टर मले बाजूले घेऊन म्हणाले, दुपारपर्यंत थांबले असते तं आणायची गरज पडली नसती. साध्या आवाजात म्हणाले. मी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो आन रडलो. लोकायनं पाह्यलं, पाहू द्या.

संध्याकाळी घरी आलो तं वहिनी ओट्यावर बसून वाट पाहत होत्या. चूल पेटवून भाकरी टाकून ठेवल्या होत्या. माह्या ताटात बी भाकरी वाढली. माफी मागितली मी. म्हणाल्या, "पाहू." आता या "पाहू"चा अर्थ तूच लाव.

जेवण झाल्यावर त्यायनं फॉर्म काढला आन विचारलं, नवीन मालकाच्या जागी कोणाचं नाव लिहायचं? सगळे माह्याकडं पाहायले लागले. पहिल्या पत्रात मीच लिहिलं होतं माह्या नावावर कर म्हणून, ते आठवून मलेच कसंतरी झालं. मी पेन घेतला आन बिस्मिल्लाबीचं नाव लिहिलं. अख्खं नाव. लिहिताना ध्यानात आलं, हे नाव मी निकाहनाम्यानंतर कुठंच लिहिलं नव्हतं. घर माह्या नावावर, वीजमीटर माह्या नावावर, नळ माह्या नावावर.

वहिनी रात्री व्हॅनमध्येच मुक्कामाले राहू म्हणत होत्या, म्हणजे कोणी परत हात लावू नये. मी हसत-हसत आत गेलो, ट्रंकेतून एक पिवळं स्टिकर आणलं. मले वाटलं आता जरा बरं बोलावं. बिस्मिल्लाबी भिंतीले उशी लावून बसली होती, चार दिवसांनी पहिल्यांदा सुखानं. मी स्टिकर तिच्या हातात देलं. म्हटलं, "घे. आता तुही गाडी या दारात कायद्यानं उभी राहीन."

तिनं ते उलटं-सुलटं करून पाह्यलं. मग माह्याकडं पाहून म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं झाली, मी तुमच्या दारात उभी हाओ. मले कधी देलं का हे?"

वहिनी हसल्या नाईत. फिरोज बी हसला नाई.

अमर, याच्यावर काय बोलावं ते तुले सुचलं तं वापस येणाऱ्या एसटीनं कळव. लग्नाले येऊ का नको, ते बी लिही. ती तं येणारच हाये, आपल्या गाडीनं. मले नेते का, ते विचारायची अजून माही हिंमत झाली नाई.

तुहा
रहमत